न उघडलेल्या लिंका : एका बॅचच्या यादीचे प्रकरण

शाळा सोडून पन्नास वर्षे होत आलेली एक बॅच. सगळे आता सत्तरीच्या आसपास. स्नेहमेळाव्यानंतर व्हॉट्सॲप ग्रुप झाला, सुरुवातीला दिवसरात्र गप्पा रंगल्या आणि मग हळूहळू सकाळचे सुविचार, वाढदिवस आणि निधनवार्ता एवढेच उरले. त्यातल्या एका निवृत्त अभियंत्याने मात्र एक काम चिकाटीने चालू ठेवले होते. वर्गातल्या सगळ्यांना उपयोगी पडतील, जुने दिवस आठवून देतील अशा संकेतस्थळांची यादी तो करत होता. आरोग्य, नकाशे, जुना रेडिओ, जुन्या जाहिराती, शब्दकोडी, भाषांतर, जगभरची घड्याळे असे सगळे तिच्यात होते. लिंका दीडशेच्या वर गेल्या होत्या, पण त्या कोणी उघडतच नव्हते.

ज्येष्ठांना इंटरनेट वापरायला शिकवणे हे माझे काम. "यादी जरा नीट लावून द्या," म्हणून या बॅचने मला बोलावले. हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले, कारण अशी यादी जवळजवळ प्रत्येक जुन्या वर्गात कोणीतरी जीव ओतून करत असतो. त्या मेहनतीचे चीज होऊ शकते, हे मी इथे पाहिले.

यादी पडून का राहिली

लोकांना तंत्र जमत नसेल, असा सगळ्यांचाच अंदाज होता. एकेकाशी फोनवर बोलले तेव्हा तो फारसा खरा निघाला नाही. बहुतेक जण बँकेचे व्यवहार, तिकिटे, नातवंडांशी व्हिडिओ कॉल हे सगळे करत होते. न उघडण्याची कारणे वेगळीच होती. काहींना अनोळखी लिंकेची भीती वाटत होती आणि ती अगदी रास्त होती. काहींनी तीनचार लिंका उघडून पाहिल्या, तिथे पान सापडले नाही आणि त्यांनी नाद सोडला. एका बाईंना आपण त्या पानावर नेमके काय करायचे हेच कळले नव्हते. सगळ्यांत नेमके बोलला तो मागच्या बाकावरचा एक जण. यादी करणाऱ्या मित्राला तो म्हणाला, "अरे, ग्रुपवर असतो तेव्हा मी तुमच्यात असतो. तुझी लिंक उघडली की मी एकटा पडतो."

पुढचे सगळे काम या वाक्यावर उभे राहिले. यादी विषयवार लावली असती, अक्षरे मोठी केली असती, रंग दिले असते, तरी हा माणूस एकटाच पडला असता. माहिती त्याला कुठेही मिळत होती. त्याला हवे होते वर्गमित्र.

आधी मेलेल्या लिंका बाजूला काढल्या. त्या बऱ्याच निघाल्या आणि त्यात यादी करणाऱ्याचा दोष नव्हता. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. वर्षानुवर्षे जमवलेल्या कुठल्याही यादीची हीच गत होणार. पण मेलेली लिंक लगेच फेकायची नसते. इंटरनेट आर्काइव्ह ही ना-नफा संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती साठवते आहे आणि २००१ पासून तिच्या 'वेबॅक मशीन'मध्ये कोणालाही त्या पाहता येतात. जुना पत्ता तिथल्या चौकटीत टाकायचा, तारखांचे कॅलेंडर दिसते, त्यातली तारीख निवडायची, की त्या दिवशीचे पान समोर येते. सगळीच पाने मिळतात असे नाही, चित्रे अनेकदा गळलेली असतात, पण मजकूर पुष्कळ वेळा वाचतो. या वर्गाने मेलेल्या काही लिंका अशाच परत मिळवल्या.

एकच नियम

मग एक नियम ठरला. वर्गातल्या कोणीतरी ते संकेतस्थळ स्वतः वापरलेले असेल आणि त्याबद्दल फोन आला तर समजावून सांगायची त्याची तयारी असेल, तरच लिंक यादीत राहील. लिंकेपुढे वर्णन लिहायचे नाही. त्या माणसाचे नाव आणि त्याने तिथे काय केले, हे एका वाक्यात लिहायचे.

यादी तिसाच्या आत आली. ज्याने ती कष्टाने जमवली त्याला वाईट वाटले आणि ते साहजिक होते. जुनी यादी आम्ही पुसली नाही. ती वेगळ्या फाइलमध्ये जशीच्या तशी ठेवली आणि कोणी वापरून पाहीन म्हणाले की तिच्यातून एक लिंक मुख्य यादीत आणायची असे ठरले. पहिल्याच आठवड्यात त्याला फोन येऊ लागले, "तू ते घड्याळाचं काय टाकलंयस, ते सांग बरं." इतकी वर्षे तो लिंका पाठवत होता आणि उत्तर येत नव्हते. आता लोक त्यालाच विचारत होते.

हे घड्याळाचे प्रकरण साधेच आहे. वर्ग चार-पाच देशांत पसरलेला, त्यामुळे व्हिडिओ कॉलची वेळ ठरवताना दर वेळी गोंधळ व्हायचा. 'टाइम अँड डेट' या नॉर्वेतल्या संकेतस्थळावर शहरे निवडली की कोणाच्या घड्याळात किती वाजले असतील याचा तक्ताच समोर येतो आणि कोणाची झोपेची वेळ आहे तेही रंगावरून कळते. काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे होते. ती आकडेमोड डोक्यात करू नये, या तक्त्यावर सोडावी.

कोणाचे जुने दिवस?

जुन्या दिवसांच्या लिंकांना एक वेगळीच अडचण होती. यादीतले बरेचसे साहित्य जुने होते खरे, पण ते या वर्गाचे नव्हते. शंभर वर्षांपूर्वीची छायाचित्रे, मूकपटांचे तुकडे, वाफेची इंजिने. पाहायला छान, पण आठवण कोणालाच येत नव्हती, कारण ते दिवस त्यांच्या आजोबांचे.

आत्मचरित्रात्मक स्मृतीवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी यातले एक सूत्र फार पूर्वीच टिपले आहे. डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र मांडली. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या की अलीकडच्या काळाखालोखाल साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा उंचवटा दिसतो. म्हणजे वर्गासाठी काही शोधायचे तर 'जुने' असे शोधून भागत नाही. वर्ग दहा वर्षांचा होता ते साल घ्यायचे आणि तिथून पुढची पंधरा-वीस वर्षेच धुंडाळायची. इंटरनेट आर्काइव्हवर मासिके, रेडिओ कार्यक्रम, माहितीपट यांचा प्रचंड साठा आहे आणि तो वर्षानुसार गाळता येतो. विकिमीडिया कॉमन्स या छायाचित्रांच्या मोफत साठ्यातही सालवार वर्गवारी आहे. साल नक्की करून शोध घेतल्यावर पहिल्याच संध्याकाळी एकीला तिने शाळेत असताना वाचलेले विज्ञान-मासिक मुखपृष्ठासकट सापडले. त्यातली एक आकृती पाहून तिने विज्ञान-प्रदर्शनातल्या फसलेल्या प्रयोगाची गोष्ट ग्रुपवर सांगितली आणि मग त्या प्रयोगातले तिचे दोन साथीदार बोलते झाले. त्यातला एक ग्रुपवर आल्यापासून एक अक्षरही बोलला नव्हता.

आम्ही लिंका देण्याची पद्धत इथून बदलली. लिंकेसोबत एक प्रश्न जायचा. "हे पाहा" असे लिहायचे नाही. "यातलं कोणाच्या घरी होतं?", "हा आवाज ऐकून काय आठवतं?" असे काहीतरी विचारायचे. प्रश्न सुचत नसेल तर लिंक पाठवायची नाही.

नकाशा आणि जिना

सगळ्यांत रंगला तो नकाशा. शाळेची जुनी इमारत पाडून तिथे नवी झाली आहे. कोणीतरी सुचवले की उपग्रहाच्या चित्रांत जुनी शाळा सापडेल. मी त्यांना मर्यादा आधीच सांगितल्या. गूगल अर्थच्या 'टाइमलॅप्स'मध्ये १९८४ पासूनची चित्रे सरकताना दिसतात, पण त्यातली जुनी चित्रे लँडसॅट उपग्रहांची आहेत आणि त्यांचा एक ठिपका जमिनीवर तीस मीटरचा असतो. गाव कसे पसरले, तलाव कसा आटला हे त्यात कळते. शाळेचे मैदान म्हणजे मात्र दोन-चार ठिपके. गूगल अर्थमध्येच 'जुनी चित्रे' पाहण्याची वेगळी सोय आहे. तिच्यात इमारती ओळखू येतात, पण पुष्कळ ठिकाणी अशी स्पष्ट चित्रे २००० नंतरचीच मिळतात. रस्त्यावरून दिसणारे दृश्य हवे तर 'स्ट्रीट व्ह्यू' आहे. ती सेवा २००७ मध्ये सुरू झाली आणि २०१४ पासून तिथे आधीच्या फेऱ्यांमधली छायाचित्रेही पाहता येतात.

जुनी इमारत पडण्याआधीचे एक चित्र मिळाले. वरून दिसणारे छप्पर, एक झाड, मैदानाची कडा. त्यावर वाद सुरू झाला. ग्रंथालय कुठल्या टोकाला होते? जिना आतून होता की बाहेरून? मुलींचा वर्ग वरच्या मजल्यावर कधी गेला? छपरावरून यातले काहीच कळत नव्हते. शेवटी एका निवृत्त चित्रकला-शिक्षिकेने वहीच्या कागदावर शाळेचा आराखडा काढला, त्याचा फोटो टाकला आणि लिहिले, "चूक असेल तिथे लाल पेनानं दुरुस्त करा." पुढचे कित्येक दिवस दुरुस्त्या येत राहिल्या. कोणी वर्गखोल्यांना क्रमांक दिले, कोणी घंटा कुठे टांगलेली असे ते दाखवले. जिन्याबद्दल दोन तट पडले ते आजही तसेच आहेत, म्हणून आराखड्यात दोन्ही जिने तुटक रेषेने दाखवले आहेत.

मला ही या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. संकेतस्थळाने दिले ते एक अपुरे चित्र. त्यातली उणीव भरायला माणसे धावली आणि जगात कुठेही नसलेला एक कागद तयार झाला.

चेहरे आणि नावे

वर्गाचा एक सामूहिक फोटो होता. तो याआधी अनेकदा ग्रुपवर येऊन गेला होता आणि दर वेळी "हा कोण?" असे विचारले की पाच-सहा नावे आल्यावर शांतता पसरायची. लोकांना वाटायचे, आपली स्मरणशक्ती गेली.

हॅरी बाहरिक आणि सहकाऱ्यांचा १९७५ मधला अभ्यास मी त्यांना सांगितला. त्यांनी शाळा सोडून काही महिन्यांपासून पन्नासएक वर्षे झालेल्या ३९२ जणांना वर्गमित्रांची नावे आणि चेहरे विचारले होते. आधार न देता नावे आठवायला सांगितली, किंवा नुसता फोटो दाखवून नाव लिहायला सांगितले, तर वर्षांगणिक मोठी घसरण दिसली. पण नावे समोर ठेवून चेहऱ्याशी जुळवायला दिली, तेव्हा कित्येक दशकांनंतरही लोकांना ते आश्चर्य वाटावे इतके चांगले जमले. नाव डोक्यात असते, ते आपणहून वर येत नाही एवढेच.

मग "हा कोण?" विचारणे बंद केले. कोणाकडे तरी सांभाळून ठेवलेली वर्गाची पूर्ण नामावली होती, ती फोटोशेजारी ठेवली आणि रांग व क्रमांक देऊन जोड्या लावायला सांगितले. तीन चेहरे सोडले तर सगळे जुळले. "माझं डोकं अजून चालतं की गं!" असे एकीने लिहिले. त्या वयात हा दिलासा किती मोठा असतो ते तिच्या आवाजावरून मला नंतर कळले.

फोटो कसा स्कॅन करायचा यावर इथे थोडे थांबते, कारण पुष्कळ ठिकाणी घोटाळा इथेच होतो. सामूहिक फोटोतला एकेक चेहरा पाच मिलिमीटरचा असेल, तर ३०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) त्याच्या वाट्याला साठच्या आसपास ठिपके येतात, ६०० डीपीआयला एकशे वीसच्या घरात. ओळखण्याजोगा चेहरा हवा तर ६०० च्या खाली जाऊ नये. स्कॅनर नसेल तर फोटो अल्बमच्या प्लास्टिकमधून बाहेर काढून खिडकीजवळच्या, पण थेट ऊन नसलेल्या उजेडात मोबाइल समांतर धरून टिपावा. फोटोची मागची बाजूही टिपावी, तिथे तारीख आणि स्टुडिओचा शिक्का असतो. आणि व्हॉट्सॲपवर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. नेहमीसारखा पाठवला तर ॲप त्याचा आकार कमी करते आणि सगळी मेहनत वाया जाते.

उपयोगी लिंका, फोनच्या आधाराने

उपयोगी लिंकांबद्दल मला फार लिहायचे नाही, त्या सगळ्यांना ठाऊक असतात. वर्गात एक डॉक्टरीण होती. आरोग्यविषयक दहा-बारा लिंकांतून तिने एकच ठेवली. 'मेडलाइनप्लस' हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे संकेतस्थळ, जाहिराती नसलेले, औषधांची आणि तपासण्यांची माहिती सोप्या इंग्रजीत देणारे. तिने पुढे लिहिले, "रिपोर्टमधल्या शब्दाचा अर्थ इथे पाहा. औषध बंद-चालू करायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच." ज्यांना इंग्रजी वाचायला जड जाते ते मजकूर भाषांतरात टाकून वाचतात, पण औषधाची मात्रा भाषांतरावरून ठरवू नये असे तिने ठळक लिहायला लावले.

'रेडिओ गार्डन'ला मात्र नवा अर्थ मिळाला. पृथ्वीचा गोल फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबायचे, की त्या शहरातला रेडिओ सुरू. २०१६ पासून हे संकेतस्थळ आहे. वर्गातल्या वेगवेगळ्या देशांतल्या तिघांनी एक वेळ ठरवून एकच केंद्र लावायला सुरुवात केली. आपापल्या घरी ऐकायचे आणि ग्रुपवर बोलायचे. पुढे त्यात आणखी लोक आले.

वाढदिवसाला फुलांच्या चित्रांऐवजी आता नासाच्या पानावरचा फोटो जातो. तिथे दिवस आणि महिना टाकला की हबल दुर्बिणीने त्या तारखेला टिपलेले दृश्य मिळते. हबल १९९० मध्ये अवकाशात गेली, म्हणून जन्मवर्षाचा फोटो मिळत नाही, तारखेचा मिळतो.

आठवणी आणि चोरवाटा

हे कोणीच आधी बोललेले नव्हते, म्हणून मला ते ठासून सांगावे लागले. जुन्या वर्गाच्या आठवणी फसवणाऱ्याच्या फार कामाच्या असतात. पहिल्या शाळेचे नाव, आवडते शिक्षक, लहानपणीचे टोपणनाव, पाळलेल्या कुत्र्याचे नाव हीच तर अनेक खात्यांच्या सुरक्षा-प्रश्नांची उत्तरे. समाजमाध्यमांवर "तुमच्या पहिल्या बाईंचं नाव लिहा, बघू किती जणांना आठवतं" असे खेळ फिरतात, तिथे ही उत्तरे माणसे आपणहून जाहीर लिहून देतात. म्हणून वर्गाची ऑनलाइन पाने बाहेरच्यांसाठी बंद ठेवली. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि शाळा या तीन गोष्टी एकत्र कुठेही लिहायच्या नाहीत असे ठरले. ज्यांनी सुरक्षा-प्रश्नांना खरी उत्तरे दिली होती त्यांनी ती बदलली.

अनोळखी लिंक आली तर ती 'व्हायरसटोटल'वर तपासण्याचे काम एका मैत्रिणीने अंगावर घेतले. तिथे टाकलेले पत्ते आणि फाइल्स इतरांनाही दिसू शकतात, त्यामुळे बँकेची किंवा खासगी कागदपत्रांची लिंक तिथे टाकायची नाही, हे तिने स्वतः शोधून सगळ्यांना सांगितले. आपला ईमेल कुठल्या डेटाचोरीत सापडला आहे का ते 'हॅव आय बीन प्वन्ड'वर पाहतात. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञाने २०१३ मध्ये ते सुरू केले. आणि वर्गमित्राच्या नंबरवरून पैसे किंवा सहा आकडी कोड मागणारा संदेश आला तर उत्तर न लिहिता त्याला फोन लावायचा. त्याचा आवाज इतक्या वर्षांनीही ओळखू येतो.

ठेवायचे कुठे

या वर्गाचे याआधी एका मोफत सेवेवर पान होते. ती सेवा बंद झाली आणि पहिल्या स्नेहमेळाव्याचे बरेच फोटो गेले. असे मोठ्या सेवांचेही होते. लोकांना मोफत पाने बनवू देणारे जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले, ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी. म्हणून संकेतस्थळे पाहण्यासाठी आणि बोलायला निमित्त म्हणून वापरायची, पण तयार झालेली वस्तू स्वतःजवळ ठेवायची असे ठरले. आराखडा, नावांसह फोटो, सांगितलेल्या गोष्टींचे ध्वनिमुद्रण यांच्या तीन प्रती होतात. एक ऑनलाइन, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या मित्राकडे पेन ड्राइव्हवर. फोटो आणि आराखड्याची छापील प्रतही काढली आहे, कारण वर्गातले चौघे इंटरनेट वापरत नाहीत आणि त्यांना टपालाने पाठवावी लागते.

ऑनलाइन खाते कोणाच्या नावावर, हा या वयातला खरा प्रश्न. गूगलच्या धोरणानुसार दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातल्या फोटोंसकट काढून टाकले जाऊ शकते. त्यावर 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'ची सोय आहे. किती महिने हालचाल नसली तर कोणाला कळवायचे आणि त्यांना काय उतरवून घेता येईल, हे आधीच नोंदवता येते. ॲपल आणि फेसबुकवरही आपल्यामागे कोण, हे नेमता येते. खाते सांभाळणाऱ्याने वर्गातल्या दोघांची आणि आपल्या मुलीची नावे तिथे दिली. हे बोलताना सगळे जरा गप्प झाले, पण एका जणाने सरळ विषय काढला की गेलेल्या वर्गमित्रांचे काय. त्यांच्या नावासमोर काही लिहायचे असेल तर आधी घरच्यांना विचारायचे आणि त्यांचा नंबर ग्रुपमधून कोणीही परस्पर काढायचा नाही, घरचे सांगतील तेव्हाच, असे ठरले.

सध्या यादीत चोवीस लिंका आहेत. दर तीन महिन्यांनी प्रत्येक जण आपली लिंक उघडून पाहतो. मेली असेल तर तोच वेबॅकमध्ये शोधतो, नाहीतर काढतो. दोघांची नजर अधू झाली आहे, त्यांच्यासाठी यादीतली प्रत्येक ओळ तिच्या मालकाच्या आवाजात मुद्रित करायचे काम चालू आहे. एक प्रश्न अजून सुटलेला नाही. वर्गातल्या एका बाईंना सामूहिक फोटोत आपले नाव नको आहे. त्यांच्या शेजारी उभी असलेली मैत्रीण त्यांच्याशी बोलणार आहे. तोवर त्या क्रमांकापुढची जागा कोरी ठेवली आहे.